इस्माईलचाचा, एकोणिसाव्या दिवसाबद्दल

इस्माईलचाचा,

गेल्या सोमवारी सकाळी अकरा वीसला तुमचं नाव माझ्या स्क्रीनवर आलं. तुम्हाला जाऊन तेव्हा चार दिवस झाले होते. तुमचा ताप उतरला की राहिलेले रेडिएशनचे शेक पूर्ण करू, म्हणून मीच तुमच्या तारखा पुढे ढकलल्या होत्या आणि त्या काढून टाकायच्या राहून गेल्या. नावाशेजारी नोंदणीच्या दिवशी काढलेला फोटो होता. भरलेले गाल, मेंदी लावलेली दाढी, कॅमेऱ्याकडे पाहताना तुमचा व्हायचा तसा रागावलेला चेहरा. बाजूला हिरवा ठिपका लागला होता. हिरवा ठिपका म्हणजे पेशंट आलेला आहे, बाहेर बसला आहे.

रिसेप्शनवरच्या मुलीने दुसऱ्याच्या ऐवजी चुकून तुमच्या नावावर टिचकी मारली होती, हे दहा मिनिटांनी कळलं. पण त्या दहा मिनिटांत मी उठले, दार उघडलं आणि बाहेर पाहिलं. बाकावर सात-आठ जण दाटीवाटीने बसले होते, आणि भिंतीकडच्या टोकाला, जिथे तुम्ही बसायचात, तिथे एका माणसाची जागा मोकळी होती. सगळे माझ्याकडे बघत होते, मी कुणाला बोलावते म्हणून. माझ्या तोंडून नाव निघेना. दार लावून मी परत येऊन बसले.

हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "मंग, एक डाव हाक मारून पाहायची होती."

तुम्ही गेल्यापासून दोघा-तिघांनी मला विचारलं, ते तुमचे कोण लागत होते. मी सांगते, उंद्रीच्या स्टँडमागे ज्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं ते. एवढ्याने कुणाचं समाधान होत नाही. गाव तुमचं रोहिणखेड, तिकडे मोताळ्याकडे. हमीदाचाची आणि तुमचा मुलगा अन्वर तिथेच. तुम्ही आठवडाभर उंद्रीत दुकानातच राहायचात, गुरुवारी संध्याकाळच्या गाडीने घरी जायचात, शुक्रवारची नमाज गावात पढून शनिवारी परत. माझे बाबा तुमच्याकडे तांब्याची तार भरायचे. जळालेली मोटर तुम्ही उघडायची, बाबांनी तार भरायची, मग तुम्ही ती चालू करून कान जवळ न्यायचा. डोळे मिटून ऐकायचात आणि सांगायचात की बेअरिंग गेलं, शाफ्ट वाकला, किंवा काही झालेलं नाही, नुसता उंदीर शिरला होता.

बाबा गेले तेव्हा मी अकरावीत होते. जलदान विधीला तुम्ही विहाराच्या दाराशी, चपलांजवळ, वंदना संपेपर्यंत उभे होतात. नंतर आईला म्हणालात की पोरीले शिकू द्या, बाकीचं मी पाहतो. आणि पाहिलंत. नागपूरच्या कॉलेजचा फॉर्म तुम्ही आणलात, पहिल्या दिवशी होस्टेलच्या फाटकापर्यंत तुम्हीच आलात आणि तिथल्या पंख्याचा आवाज ऐकून वॉर्डनला सांगितलंत की हा पंधरा दिवसांत बंद पडेल.

पण मी जे शिकले ते तुम्हाला कधी पटलं नाही. तुम्हाला मी इंजिनियर व्हायला हवी होते. कॅन्सरच्या पेशंटला मशीनने रेडिएशन देणारी टेक्निशियन, हे ऐकून तुम्ही म्हणाला होतात, "बटन दाबणारे लय हायेत बेटा. तू उघडणारी हो." चिखलीत जालना रोडला हॉस्पिटल झालं, मशीन आलं, मी नोकरीला लागले, तरी दर वेळी दुकानावरून जाताना तुमचा एकच प्रश्न. बटनच दाबते ना? मी म्हणायचे, चाचा, मी न उघडता आत पाहते. तुम्ही म्हणायचात, पाहून दुरुस्त कोण करते? मी म्हणायचे, मशीन. "मंग तू काऊन पाहिजे?"  मी चिडायचे आणि तुम्ही हसत चहा सांगायचात. नऊ वर्षं हे भांडण चाललं.

आणि दिवाळीच्या सुमाराला तुम्ही स्वतःच गळ्याला मफलर गुंडाळून आमच्या दारात आलात. आवाज बसला होता, तीन महिने बसलेला होता, आणि तुम्ही कुणाला दाखवला नव्हता. तुम्ही मफलर सोडलात. मानेच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती. आई आत पाणी आणायला गेली ती लवकर बाहेरच आली नाही. तुम्ही मला एवढंच म्हणालात की तंबाखू सोडली, आजच सोडली.

तपासण्या झाल्या. डॉक्टर मॅडमनी सांगितलं, पस्तीस शेक, सात आठवडे, सोबत दर आठवड्याला केमोचं एक सलाईन. तुम्ही चिखलीत खोली घेतलीत, हमीदाचाची सोबत राहायला आली. तुमची एकच अट होती की जे करायचं ते सुजातानं, म्हणजे मी, करावं.

शेक घेताना मान हलू नये म्हणून घालायचा मास्क केला, त्या दिवशी तुमची दाढी काढावी लागली. ती काढल्यावर तुम्ही आरशात पाहिलं नाही, मी पाहिलं. जाळीची पांढरी शीट गरम पाण्यात मऊ केली आणि तुमच्या चेहऱ्यावर, खांद्यांपर्यंत दाबून बसवली. ती थंड होत घट्ट होते, तोवर माणसाने हलायचं नसतं. माझे दोन्ही हात तुमच्या चेहऱ्यावर होते. नाकाचं हाड, भुवया, हनुवटी, सगळं त्या जाळीत उमटलं. निघाल्यावर तुम्ही तो मास्क हातात घेतलात, उलटा करून आतून पाहिलंत. मग फळीवर ओळीने ठेवलेले बाकीचे मास्क पाहिलेत. चाळीस-पन्नास चेहरे, डोळ्यांच्या जागी जाळी, सगळ्यांची तोंडं दाराकडे. तुम्ही विचारलंत, यातले किती जण हायेत? मी म्हणाले, सगळे. ते खरं नव्हतं. काही मास्क आम्ही काढून टाकायचे विसरलो होतो.

तुमच्याशी खोटं बोलायला मी तिथून सुरुवात केली.

तुम्हाला मशीन समजून घ्यायचं होतं आणि मला ते तुम्हाला सांगताना फार आनंद होत होता, हे आज कबूल करते. रोज शेकाच्या आधी मशीन तुमच्याभोवती एक फेरी मारतं आणि आतला फोटो घेतं. तो फोटो मी पहिल्या दिवशीच्या फोटोवर ठेवते. हाडावर हाड बसलं पाहिजे. बसलं नाही तर टेबल दोन-तीन मिलिमीटर सरकवते, आणि मगच शेक. कारण माणूस रोज तसाच राहत नाही. गाठ लहान होते, वजन उतरतं, आतल्या वस्तू आपापल्या जागेवरून सरकतात. पहिल्या दिवशीचा नकाशा घेऊन विसाव्या दिवशी गेलं तर शेक भलत्याच ठिकाणी पडतो, मणक्यातल्या दोरीवर पडतो. म्हणून मधे थांबून नवा फोटो, नवा मास्क, नवा नकाशा करायचा. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "म्हन्जे हे मशीन माणसाच्या मांगं मांगं चालते." मला आजवर कुणी ते इतकं बरोबर सांगितलं नव्हतं.

ती खोली तुम्हाला माहीत आहे, पण मी बाहेरून काय पाहत होते ते तुम्हाला माहीत नाही. जाड भिंती, वळणाची वाट, शेवटी जड दार. दार लागलं की माझ्याकडे उरतात दोन गोष्टी: कॅमेऱ्यातलं काळंपांढरं चित्र आणि स्पीकरवरचा श्वास. तुमचा श्वास मी गर्दीत ओळखला असता. आत जाताना नाकातून एक बारीक शिट्टी, बाहेर येताना नाही.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस मास्क काढल्यावर तुम्ही उठून बसलात आणि सहज विचारलंत की आत दुसरं कोणी थांबते का. मी नाही म्हणाले, शेक चालू असताना कुणीच थांबत नाही. तुम्ही मान हलवलीत. मग म्हणालात, "एक जन असते. दार लागलं का येते. माह्या बाजूले, अगदी चिटकून."

मी विचारलं कसा आहे. तुम्ही थोडा विचार केलात.

"माह्यासारखाच हाये. पन जाडा. तब्येतीनं चांगला हाये तो."

तुम्ही घाबरला नव्हतात. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगत होतात. मी म्हणाले की चाचा, अशक्तपणा आला आहे, जेवण जात नाही, गोळ्यांनी असे भास होतात. मशीनच्या डोक्याला काचेसारखं झाकण आहे, ते वरून फिरतं तेव्हा तुम्हाला तुमचंच प्रतिबिंब दिसत असेल. तुम्ही हाव म्हणालात. माझं समाधान व्हावं म्हणून म्हणालात, हे मला तेव्हाच समजलं.

दुसऱ्या दिवशी मी तुमचा फोटो जुन्या फोटोवर ठेवला आणि माझा हात माउसवर तसाच राहिला. पहिल्या दिवशीचा फोटो जांभळा दिसतो, आजचा हिरवा. हाडं जिथे जुळतात तिथे दोन्ही मिसळून राखाडी होतात. तुमची हाडं बरोबर बसली होती. पण त्या भोवती, गालांच्या बाहेर, मानेच्या बाहेर, खांद्यांच्या बाहेर, बोटभर अंतरावर एक जांभळी कड उभी होती. तिच्या आत काळी पोकळी, आणि पोकळीच्या आत हिरवे तुम्ही. तुमच्यासारखाच, पण जाडा. तब्येतीने चांगला. तुम्हाला अगदी चिकटून पडलेला.

असे फोटो मी रोज बघते. वजन उतरलेल्या प्रत्येक माणसाचं असंच दिसतं. पण तुम्ही ते चित्र कधी पाहिलेलं नव्हतं, आणि मला ते आदल्या दिवशी सांगितलं होतंत. त्या दिवशी स्पीकरचा आवाज मी कमी केला. मला दोन श्वास ऐकू येतील असं वाटत होतं.

हे मी कुणाला बोलले नाही. डॉक्टर मॅडमना एवढंच सांगितलं की मास्क सैल झालाय, आत फट पडली आहे, नवा नकाशा करायला लागेल. त्यांनी पाहिलं आणि पुढच्या आठवड्यात करू म्हणाल्या.

आणि मग एकोणिसावा दिवस.

त्या दिवशी गाठ जवळपास दिसतच नव्हती. मला इतका आनंद झाला होता की मी हाडं जुळवून झाल्यावरही उगाचच फोटो वरखाली करत होते. डोक्यापासून खाली, एकेक काप. जबडा, जीभ, घसा, मान, खांदे. आमचा फोटो खांद्यांच्या थोडा खाली, फुप्फुसाच्या वरच्या टोकापर्यंत जातो. तिथे कुणी फारसं बघत नाही, शेक तिथे नसतो. उजव्या बाजूला, वरच्या बरगडीच्या आत, एक गोल डाग होता. वाटाण्याएवढा. मी पहिल्या दिवसाचा फोटो काढला. तिथे काही नव्हतं. आदल्या दिवसाचा काढला. तिथे असावं असं वाटत होतं, नसावंही. रोजचा हा फोटो धुरकट असतो चाचा, त्यात पुष्कळ खोट्या सावल्या पडतात. मी मॅडमना फोन केला. त्या धावत आल्या, पाहिलं आणि म्हणाल्या, आज शेक दे, नव्या स्कॅनमध्ये नीट कळेल. तेवढा वेळ तुम्ही आत, मास्कखाली, न हलता पडून होतात. स्पीकरवर शिट्टी वाजत होती. मग मी बटन दाबलं.

नव्या स्कॅनमध्ये तो डाग होता. एकटा नव्हता.

मॅडमनी अन्वरला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. तो बाहेर आला तेव्हा त्याने माझ्यासमोर हात जोडले. अब्बाले सांगू नका, तो म्हणाला, अम्मीलेही नाही. गाठ गेली म्हणून खूश हायेत, तेवढं राहू द्या. मॅडमनी त्याला समजावलं, पण तो ऐकेना. आणि टेक्निशियनने पेशंटला निकाल सांगायचा नसतो, हा तर नियमच आहे. मला दोन्हीकडून भिंत मिळाली. मी तिच्या आडोशाला उभी राहिले आणि मला बरं वाटलं. हे लिहायला मला दहा दिवस लागले, की मला बरं वाटलं.

नवा मास्क केला. या वेळी माझ्या हाताखाली तुमच्या चेहऱ्याची नुसती हाडं लागली. उपचार संपेपर्यंत जुना टाकायचा नसतो, म्हणून दोन्ही फळीवर शेजारी शेजारी राहिले. तुम्ही ते पाहिलंत आणि म्हणालात की ह्या दोघाइले एका जागी नको ठेवू. मी जुना कपाटात टाकला. संध्याकाळी कपाट बंद करताना मी दुसरीकडे बघत होते.

चोविसाव्या दिवशी शेकानंतर तुम्ही बाकावर बसून राहिलात. पुढचा पेशंट उशिरा येणार होता, म्हणून मी बाहेर आले. तुमचा आवाज तेव्हा कुजबुजीएवढा उरला होता. मला वाकून ऐकावं लागलं.

तुम्ही म्हणालात की मशीन फिरून थांबलं की तुम्ही मनात पैगंबरांवरचा दरूद पढायला घेता. शेक सुरू होईपर्यंत रोज पाच-सहा वेळा पढून होतो. तेवढा वेळ सुजाताला फोटो बघायला लागतो.

"एकोनिसाव्या दिवशी बावीस झाले," तुम्ही म्हणालात. "काय पाहून राह्यली होती?"

मी म्हणाले, मशीन हँग झालं होतं.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. राग नव्हता. खोटं सांगून मोटर बदलून मागणाऱ्या गिऱ्हाईकाकडे पाहायचात, तसं पाहिलंत. "हँग झालं असतं तं पंख्याचा आवाज बदलला असता. आवाज तोच होता."

 तुम्ही टोपी सारखी केलीत आणि विषय बदललात. आईची विचारपूस केलीत. उंद्रीच्या दुकानात कुणाची तरी मोटर राहिली आहे, त्याला निरोप द्यायला सांगितलंत. मी सगळं भराभर कबूल करत गेले, जणू त्यात तेही कबूल होऊन जाईल.

सत्ताविसाव्या दिवशी तुम्ही म्हणालात की तुम्हाला स्वतःचा फोटो पाहायचा आहे. पेशंटला आम्ही बसवून दाखवत नाही. पण जेवणाची सुट्टी होती, खोलीत कुणी नव्हतं, आणि तुम्ही आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी तुम्हाला माझ्या खुर्चीत बसवलं आणि मागे उभी राहिले.

स्क्रीनवर एकोणिसावा दिवस मीच उघडला. का, ते मला माहीत नाही. विसाव्या दिवसानंतरचे फोटो नव्या नकाशाशी जुळवलेले होते, त्यात जांभळी कड नाही. तुम्हाला तो माणूस दाखवावा असं मला वाटलं असेल.

तुम्ही पुढे झुकलात. बोट काचेला न लावता त्या कडेवरून फिरवलंत, गालापासून खांद्यापर्यंत.

"हाच तो," तुम्ही म्हणालात.

मी म्हणाले, चाचा, ते तुम्हीच आहात, पहिल्या दिवसाचे. तुम्ही म्हणालात, हाव, मले माहीत हाये. मग काही वेळ तुम्ही त्याच्याकडे बघत राहिलात. मला तुमचा चेहरा दिसत नव्हता. नुसती शिट्टी ऐकू येत होती, इतक्या जवळून पहिल्यांदाच, मधे स्पीकर नसताना.

मग मी माउसचं चाक फिरवत तुम्हाला खाली नेलं. हा जबडा. ही जीभ. इथे गाठ होती, पाहा, आता काही नाही. ही श्वासाची नळी. हे खांदे. तुम्ही प्रत्येक ठिकाणी मान हलवत होतात, मोटर उघडून दाखवल्यावर हलवायचात तशी. खांद्याची हाडं संपत आली. फुप्फुसाचं टोक काळं दिसायला लागलं. आणखी चार काप. माझं बोट चाकावर थांबलं.

"थांबली काऊन?" तुम्ही म्हणालात. "खाले चाल."

चाचा, खोलीत आपण दोघंच होतो. अन्वर बुलढाण्याला औषधं आणायला गेला होता. मॅडम जेवायला गेल्या होत्या. भिंतीच्या आडोशाला उभं राहण्यासारखं काही उरलं नव्हतं. फक्त बोट खाली ओढायचं होतं.

मी म्हणाले, "एवढंच असते, चाचा."

तुम्ही बरं म्हणालात. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि गेलात. दुसऱ्या दिवशी शेकाला आलात तेव्हा अंगात ताप होता. अठ्ठावीस झाले, आणि ताप वाढला म्हणून तुम्हाला वॉर्डात घेतलं. आठवड्याने अन्वर तुम्हाला रोहिणखेडला घेऊन गेला.

त्यानंतर एकदाच फोन झाला. बोलता येत नव्हतं, म्हणून अन्वरने फोन तुमच्या कानाशी धरला. मी आईचं सांगितलं, मोटरचा निरोप दिल्याचं सांगितलं, मशीनची सर्व्हिसिंग झाली आणि इंजिनियर तुमच्यासारखा कान लावून ऐकत होता, हे सांगितलं. पलीकडून शिट्टी येत होती. मी बोलायची थांबले की ती जरा थांबायची, वाट पाहिल्यासारखी. मी पुन्हा काहीतरी बोलायचे. शेवटी अन्वर म्हणाला, झोपले वाटते. नव्हतात झोपलात. झोपेतला तुमचा श्वास वेगळा असायचा.

पाच दिवसांनी तुम्ही गेलात.

काल रविवारी मी रोहिणखेडला जाऊन आले. अन्वर कबरस्तानात गेला होता. हमीदाचाची ओसरीत बसली होती, मला पाहून उठली आणि मला जवळ घेतलं. मला वाटत होतं तिला काहीच माहीत नाही. न्यूमोनियाने गेले, गाठ तर बरी झाली होती, असं काहीतरी मी तिला सांगायचं ठरवून आले होते. मी सुरुवात केली. तिने मला बोलू दिलं, आणि मग शांतपणे म्हणाली की त्याइले माहीत होतं. चिखलीच्या खोलीतच सांगितलं त्याइनं मले. खाली छातीत उतरलं हाये म्हणाले.

मी विचारलं, कुणी सांगितलं त्यांना.

"तूच," चाची म्हणाली. "एकोनिसाव्या दिवशी तू त्याइले मशीनवरून उतरवलं तं तुहे हात गार होते म्हने. रोज गरम राहत."

मग तिने शेवटचे दिवस सांगितले. तुम्ही तिथे, ओसरीतल्या खाटेवर, सकाळी बरोबर अकरा वीसला उताणे व्हायचात. हात अंगालगत, हनुवटी वर, डोळे मिटून. चाची काही बोलायला आली की बोटाने गप्प करायचात. ती घाबरायची, कारण तेवढा वेळ तुमचा श्वाससुद्धा दिसायचा नाही. तिने एकदा विचारलं की हे काय करता. तुम्ही पाटीवर लिहून दिलंत की सुजाता पाहून राह्यली, हालू नको.

तेव्हा मी चिखलीत माझ्या खुर्चीत असायचे. अकरा वीसची ती तुमच्या शेकाची वेळ मी कुणाला दिली नव्हती, तो रकाना मोकळा ठेवला होता. त्या दिवसांत मी त्या वेळेला काय करत होते ते आठवून पाहिलं. चहा प्यायला उठत नव्हते. तिथेच बसून होते, आणि काळ्या स्क्रीनकडे बघत होते.

चाचीला मी सत्ताविसाव्या दिवसाचं सांगितलं. सगळं सांगितलं, कुठल्या कापाशी बोट थांबलं तेही. मी म्हणाले, त्यांना ठाऊकच होतं तर मग मला खाली जा असं का म्हणाले. माझी परीक्षा घेत होते का. मी नापास झाले का.

चाचीने पदराने तोंड पुसलं. म्हणाली, ते त्या दिवशी खोलीवर आले तवा मी पण हेच विचारलं, की माहीत असून पोरीले काऊन तरास द्यायचा.

"ते म्हनले, पोरगी एकटीच पाहून राह्यली इतके दिवस. कोनीतरी तिच्यासंगं पाहायले पाहिजे."

चाचा, मी नियमामुळे थांबले नाही, अन्वरमुळेही नाही. ते चार काप मी खाली ओढले असते तर मी तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले असते, आणि मला वाटलं, तुमचे खांदे आता तेवढे राहिलेले नाहीत.